सुब्तिआबा कुणाच्या घरातली?

निकाराग्वातल्या लेओन शहराला लागून असलेल्या वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुब्तिआबा बोलणारी मोजकीच म्हातारी माणसं उरली होती. त्यांच्याकडून टिपून घेतलेल्या मजकुरावर १९२५ साली एडवर्ड सपीर यांनी निकाल दिला: ही भाषा होकन, म्हणजे कॅलिफोर्नियाकडच्या भाषांची नातलग. सपीर म्हणजे त्या काळातलं भाषाशास्त्रातलं बडं नाव. त्यामुळे हा चुकीचा निकाल जवळपास पन्नास वर्षं चालून गेला.

भाषांचं नातं नुसत्या साम्यावरून ठरत नाही. हिंदीत बीस, बाघ, बिच्छू. मराठीत वीस, वाघ, विंचू. तिकडच्या ‘ब’ला इकडे ‘व’ असं शब्दामागून शब्द नेमानं दिसलं, की तो पुरावा. सपीर यांचा भर होता उपसर्ग आणि शब्दरूपांमधल्या साम्यावर. हाताशी शब्दच थोडे असले की असं साम्य फार चटकन पटतं.

गाठ सुटली ती हजार किलोमीटरहून लांब, मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात. तिथली त्लापानेक ही सुब्तिआबाची सख्खी बहीण, हे आधीच माहीत होतं; शिवाय ती आजही लाखाहून जास्त लोक बोलतात. १९७०च्या दशकात कॅल्विन रेंश आणि मग होर्हे सुआरेस यांनी तिचे ध्वनी झापोटेक, मिश्टेक वगैरे भाषांशी ताडून पाहिले. नेम जुळले, आणि दोघी बहिणी त्याच भाषांच्या ओटोमांगुएअन कुळात आल्या. या कुळाची एक खूण म्हणजे सूर: तेच अक्षर चढ्या आवाजात म्हटलं की एक अर्थ, उतरत्यात दुसरा. त्लापानेकमध्ये असे तीन सूर आहेत. सुब्तिआबाच्या जुन्या नोंदींत सूर लिहिलेलेच नाहीत, आणि आता विचारायला कुणी नाही.

जिवंत बहीण होती म्हणून हे जमलं. वाहाका राज्यातल्या सांता मारिया इक्स्काट्लान गावातली, याच कुळातली इक्स्काटेक आज बोटांवर मोजण्याइतकी वयस्कर माणसं बोलतात. तिचे सूर निदान त्यांच्या तोंडून ऐकता तरी येतात. ज्या मांगुए भाषेवरून कुळाला अर्धं नाव मिळालं तिचं तेवढंही नशीब नाही. ती गेली, तिची जवळची चियापानेकही गेली. ही शाखा त्लापानेकच्या शेजारी बसवतात खरी, पण पडताळा घ्यायचा तो जुन्या कागदांवरूनच.