चकाकीच्या खालचं पाणी

सप्टेंबर संपत आलेला, हवा पावसाने धुतलेली. अशा वेळी दुपारी पावणेचारच्या सुमारास मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून समुद्राचा फोटो काढावा, तर हाती येतो तो नुसता पांढरा चकचकाट. मग लेन्सवर पोलरायझर नावाची काचेची गाळणी लावायची आणि हलकेच फिरवायची. एका ठरावीक जागी आल्यावर चकाकी विरते आणि खालचं हिरवट, गढूळ पाणी टेट्रापॉडच्या, म्हणजे किनाऱ्यावर रचलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या फटींत शिरताना दिसू लागतं. इतकी वर्षं फोटो काढतोय, तरी या क्षणी मी दर वेळी थक्क होतो.

प्रकाश ही लहर आहे आणि ती ज्या दिशेने जाते तिच्या काटकोनात कंप पावते. कपडे वाळत घालायची दोरी गॅलरीच्या दोन उभ्या गजांमधून ओवून हलवून पाहा. वर-खाली दिलेला हेलकावा पलीकडे पोचतो, डावी-उजवीकडे दिलेला गजांना अडकतो. पोलरायझर हे असंच गजांचं काम करतो. सूर्याच्या थेट प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं सारख्या प्रमाणात मिसळलेली असतात. तोच प्रकाश पाण्यावरून परावर्तित झाला की आडवी कंपनं वरचढ होतात. पाण्याला काढलेल्या लंबाशी प्रकाशाने सुमारे ५३ अंशांचा कोन केला, तर परतणाऱ्या प्रकाशात फक्त आडवीच उरतात. हा कोन स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरच्या नावाने ओळखला जातो. त्याचा नियम त्याने १८१५ मध्ये मांडला. सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर आला की हा कोन जुळतो. सप्टेंबरअखेरीस मुंबईत ती वेळ पावणेचारच्या आसपास येते, म्हणून वर ती वेळ सांगितली. लाटांमुळे पाणी सपाट नसतं, त्यामुळे चकाकी पूर्ण जात नाही, पण बरीचशी जाते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला यातलं काहीच कळत नाही. प्रत्येक पिक्सेल आपल्यावर किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडले एवढंच मोजतो, आणि त्याच्यावरच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या गाळणीमुळे रंगाचा अंदाज येतो. कंपनाची दिशा कुठेच नोंदली जात नाही. त्यामुळे घरी येऊन कितीही एडिटिंग केलं तरी चकाकीने झाकलेलं पाणी परत मिळत नाही. ते फोटो काढतानाच मिळवावं लागतं, आणि त्यासाठी निम्म्याहून अधिक प्रकाश सोडून द्यावा लागतो.

या युक्तीचा एक थोर वापर मुंबईशी जोडलेला आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नार्कुंडा’ बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे त्या काळचा पोलरायझरच. त्यातून पाहून त्यांनी पृष्ठभागावरचं परावर्तन पुसून टाकलं. निळाई तरीही उरली! ती पाण्याची स्वतःचीच होती. त्यांच्या ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतल्या टिपणाखाली ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, हाही त्या निळाईचा मोठा भाग आहे हे आज आपल्याला ठाऊक आहे. रामन यांनी भर दिला तो पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणावर, म्हणजे विखुरण्यावर. त्याच विचाराचा माग काढत ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोचले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसानंतर पोलरायझर लावून पाहा, ओल्या पानांवरची पांढरट झिलई जाऊन आतला हिरवा रंग उघडा पडतो. लोकलच्या स्टीलच्या डब्यावर मात्र तो फारसा चालत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं बऱ्यापैकी टिकून राहतात.

आणि परतीच्या पावसात, संध्याकाळी समुद्राकडे पाठ केल्यावर इमारतींवर इंद्रधनुष्य उमटलं, तर पोलरायझर नक्की फिरवा. थेंबांच्या आतून परावर्तित झालेला तो प्रकाशही जवळजवळ एकाच दिशेने कंप पावत असतो. कमानीच्या माथ्यावर कॅमेरा रोखून, रंग सर्वांत ठळक दिसतात तिथून काच पाव फेरा फिरवलीत, की माथ्यावरचे रंग नाहीसे होतात, आणि आणखी पाव फेरा दिलात की ते परत येतात.