ईस्ट बंगाल रेजिमेंट आणि ईस्ट पाकिस्तान रायफल्स: १९७१च्या लढ्यातल्या दोन वेगळ्या फौजा

बांगलादेशच्या मुक्तियुद्धाबद्दल मराठीत लिहिताना आपण बहुधा एकाच शब्दावर भागवतो: मुक्तिवाहिनी. त्यातले विद्यार्थी-शेतकऱ्यांमधून आलेले गनिमी सहज वेगळे ओळखू येतात. घोळ होतो तो वर्दीतल्या दोन फौजांमध्ये. एक ईस्ट बंगाल रेजिमेंट, म्हणजे ईबीआर. दुसरी ईस्ट पाकिस्तान रायफल्स, म्हणजे ईपीआर. दोन्हींत बंगाली जवान, दोन्हींत नायक, हवालदार, सुभेदार हीच पदं, आणि लघुरूपांत फरक एका अक्षराचा. पण या दोघींची गल्लत झाली, की २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) कारवाई सुरू केल्यानंतरच्या आठवड्यात काही तुकड्या का टिकल्या आणि काही का संपल्या, ते उमगतच नाही.

ईबीआर ही पाकिस्तानी लष्कराची पायदळ रेजिमेंट. तिची पहिली पलटण १५ फेब्रुवारी १९४८ रोजी ढाक्यातल्या कुर्मिटोला इथं उभी राहिली; त्यामागे मेजर अब्दुल गनी यांची खटपट होती. बंगाली माणूस लढाऊ नव्हे, हा इंग्रजांच्या काळातला शिक्का पाकिस्तानी लष्करातही पुसला गेला नव्हता. तरी १९६५च्या युद्धात याच पलटणीनं लाहोरजवळ बेदियान भागात भारतीय फौजेशी चिवट झुंज दिली. रेजिमेंट म्हटलं की एकत्र लढणारी एक तुकडी डोळ्यांसमोर येते, तसं इथं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीप्रमाणेच भरती आणि प्रशिक्षणाचं केंद्र एक, पण पलटणी निरनिराळ्या छावण्यांत, निरनिराळ्या ब्रिगेडींखाली. ईबीआरचं केंद्र चितगावला होतं.

ईपीआर हे सीमादल. त्याची वंशावळ १७९५च्या रामगढ लोकल बटालियनपर्यंत नेली जाते; १९२० मध्ये ते ईस्टर्न फ्रंटियर रायफल्स झालं आणि फाळणीनंतर ईपीआर. मुख्यालय ढाक्यात पिलखान्याला. सीमेवरची ठाणी सांभाळायची, तस्करी रोखायची, वेळ पडल्यास शहरात बंदोबस्ताला उभं राहायचं, हे त्याचं काम. रचना सेक्टर, त्याखाली विंग, मग कंपनी, आणि शेवटी ठाण्यावरची प्लाटून. जवान बहुतेक बंगाली, मात्र अधिकारी लष्करातून प्रतिनियुक्तीवर आलेले आणि त्यांतले बरेचसे पश्चिम पाकिस्तानी. हत्यारं मुख्यतः .३०३ रायफली आणि हलक्या मशीनगन. पायदळाच्या पलटणीमागे तोफखाना आणि रसदीची साखळी असते. विंगमागे तसं काही नव्हतं.

मार्च १९७१ मध्ये ईबीआरच्या आठ पलटणी होत्या. ५, ६ आणि ७ पश्चिम पाकिस्तानात अडकलेल्या. पूर्वेत उरल्या पाच: जेसोरला पहिली, जयदेवपूरला दुसरी, सैदपूरला तिसरी, कोमिल्ल्याला चौथी आणि चितगावला आठवी. बंगाली पलटणी एकत्र राहू नयेत म्हणून त्यांच्या कंपन्या निरनिराळ्या निमित्तांनी आधीच बाहेर धाडल्या होत्या. हीच चाल उलटली. चौथ्या पलटणीचा मोठा भाग ब्राह्मणबारियाला होता; तिथं २७ मार्चला मेजर शफात जमील यांनी कमांडिंग अधिकाऱ्याला अटक केली आणि मेजर खालेद मुशर्रफ येऊन मिळाले. दुसरी पलटण मेजर शफिउल्ला यांच्यासह जयदेवपूर सोडून मैमनसिंगकडे निघाली. आठवी पलटण पश्चिमेला रवाना होणार होती, त्यामुळे तिच्याकडे हत्यारं तोकडी होती. पण तीही मेजर झियाउर रहमान यांच्यामागे शहराबाहेर पडली.

छावणीच्या कुंपणात सापडलेल्यांची गत वाईट झाली. पहिली पलटण सरावाहून नुकतीच जेसोरला परतली होती. ३० मार्चला तिला शस्त्रं खाली ठेवायला सांगण्यात आलं. जवानांनी कोठार फोडलं आणि भोवतालच्या पाकिस्तानी तुकड्यांच्या माऱ्यातून कॅप्टन हाफिजुद्दीन अहमद यांच्यासोबत जेवढे निघू शकले तेवढेच वाचले. चितगावच्या केंद्रावर २५ तारखेच्या रात्रीच २० बलुच या पाकिस्तानी पायदळ पलटणीनं हल्ला चढवून नवशिक्या रंगरुटांची कत्तल केली.

ईपीआरचं गणित वेगळं. पिलखान्यावर त्याच रात्री २२ बलुच तुटून पडली आणि मुख्यालय गेलं. पण हजारो जवान सीमेवरच्या ठाण्यांत विखुरलेले. त्यांना एका रात्रीत गाठणं कोणत्याही फौजेला शक्य नव्हतं. शिवाय ठाण्यांपर्यंत पोचणारं स्वतःचं वायरलेस जाळं त्यांच्याकडे होतं. चितगावला कॅप्टन रफिकुल इस्लाम यांनी ठरलेले सांकेतिक संदेश धाडून सीमेवरचे जवान शहराकडे बोलावले. चुआडांग्याच्या ४ विंगचे मेजर अबू उस्मान चौधरी यांनी ठाणी रिकामी करून माणसं गोळा केली आणि ३० मार्चच्या पहाटे कुष्टियातल्या २७ बलुचच्या कंपनीवर हल्ला केला. हजारो गावकरी घोषणा देत मागे उभे होते. १ एप्रिलपर्यंत शहर मोकळं झालं. त्या आठवड्यातलं हे सर्वांत नेमकं काम होतं, असं आमचं मत आहे, आणि ते पायदळानं नव्हे तर सीमादलानं केलं. ते टिकलं नाही. राखीव दल नाही, तोफा नाहीत, आणि डोक्यावर विमानं आली की ताब्यातलं शहर धरून बसणं भारी पडतं. एप्रिलअखेर जवळपास सगळी शहरं गेली.

४ एप्रिलला तेलियापाड्याच्या चहामळ्यात मुक्तिवाहिनीचे प्रमुख कर्नल उस्मानी आणि बंडखोर अधिकारी भेटले. पुढे लढ्याचे ११ सेक्टर झाले. इथं अनेक जण फसतात: हे युद्धकाळातले सेक्टर, ईपीआरचे जुने सेक्टर नव्हेत. या नव्या सेक्टरांचा कणा मात्र बहुतांशी ईपीआरचेच जवान होते. ईबीआरच्या पलटणी नव्या भरतीनं भरून तीन ब्रिगेडींत बांधल्या गेल्या. झियांच्या झेड फोर्समध्ये १, ३, ८. शफिउल्लांच्या एस फोर्समध्ये २, ११. खालेद यांच्या के फोर्समध्ये ४, ९, १०. त्यांच्याकडून समोरासमोरच्या हल्ल्यांची अपेक्षा होती, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. ३१ जुलैला पहिल्या पलटणीनं कमालपूरच्या पक्क्या ठाण्यावर रात्री हल्ला केला. पाऊस, चिखल, मिट्ट अंधार आणि काही आठवड्यांचंच प्रशिक्षण झालेली पोरं. ठाणं पडलं नाही, कॅप्टन सलाहुद्दीन मुमताज तिथंच पडले. तेच कमालपूर ४ डिसेंबरला भारतीय वेढ्यापुढे शरण आलं. त्याच मार्गानं पुढे जमालपूरच्या लढाईत आपली १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण, लढली.

बांगलादेशचा सर्वोच्च शौर्यसन्मान, वीरश्रेष्ठ, मिळालेल्या सात जणांच्या यादीतही हा फरक दिसतो. शिपाई मुस्तफा कमाल (दरुइन, १८ एप्रिल) चौथ्या ईबीआरचे, शिपाई हमीदुर रहमान (धलई, २८ ऑक्टोबर) पहिल्या ईबीआरचे. लान्स नायक नूर मोहम्मद शेख (गोआलहाटी, ५ सप्टेंबर) ईपीआरचे. लान्स नायक मुन्शी अब्दुर रऊफही ईपीआरचेच, पण बुडीघाटला ते आठव्या ईबीआरच्या कंपनीसोबत लढत होते, म्हणून त्यांची नोंद हमखास चुकते. एखादं नाव तपासताना जवान कुणाबरोबर लढला यापेक्षा २५ मार्चला तो कुठल्या दलाच्या पटावर होता ते पाहावं. आकड्यापुढे 'ई बंगाल' असेल तर पायदळ, 'विंग' असेल तर सीमादल. अधिकाऱ्यांना ही कसोटी लागू पडत नाही, कारण ईपीआरमधले अधिकारी मुळात लष्कराचेच.

प्रतिनियुक्तीची ही रचना स्वातंत्र्यानंतरही राहिली. ईस्ट बंगाल रेजिमेंट त्याच नावानं बांगलादेशी लष्करात आहे. ईपीआर १९७२ मध्ये बांगलादेश रायफल्स झालं आणि गृहमंत्रालयाखाली राहिलं. फेब्रुवारी २००९ मध्ये पिलखान्यात बंड झालं ते या दलाच्या जवानांचं, लष्कराचं नव्हे. त्यात प्रतिनियुक्तीवरचे ५७ लष्करी अधिकारी मारले गेले. त्यानंतर दलाचं नाव बदलून बॉर्डर गार्ड बांगलादेश करण्यात आलं.