तोंडाच्या वासाचं खापर पोटावर नको

‘पोट साफ नाही, म्हणून तोंडाला वास येतो’ असं म्हणत रोज चूर्ण घेणारे घरोघरी सापडतील. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. पोटातला वायू ढेकर आला तरच वर येतो. बहुतेकांच्या बाबतीत वासाचं मूळ तोंडातच असतं: जिभेचा मागचा भाग, दातांच्या फटी, सुजलेल्या हिरड्या. तिथले जिवाणू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. रात्री नाक चोंदून तोंडाने श्वास घेतला की लाळ सुकते आणि त्यांचं फावतं. बडीशेप वास फक्त झाकते. जीभ मागून पुढे ४-५ वेळा हलकेच घासा, फटींत फ्लॉस (फटी साफ करायचा बारीक धागा) फिरवा. २ आठवड्यांत फरक नाही पडला तर दंतवैद्य गाठा. नाक सतत चोंदत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ.