सॉफ्टवेअर-गरजांचा प्राधान्यक्रम

तयार करावयाच्या प्रणालीकडून असलेल्या अपेक्षांपैकी कोणत्या आधी पुऱ्या करावयाच्या, हे ठरविण्याच्या पद्धती. त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : अपेक्षा गटांत विभागणाऱ्या गटवारीच्या आणि दोन-दोन अपेक्षा समोरासमोर ठेवून तोलणाऱ्या जोडतुलनेच्या.

गटवारीत ‘मॉस्को’ पद्धत सर्वाधिक रूढ आहे. अत्यावश्यक, आवश्यक, जमल्यास आणि या खेपेस नको, असे तिचे चार गट असून त्यांच्या इंग्रजी नावांच्या (मस्ट, शुड, कुड, वोन्ट) आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. तिचे श्रेय डाय क्लेग यांना देतात. काळ साधारणपणे १९९४ चा मानला जातो.

जोडतुलनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तेराव्या शतकातील रामोन लुल यांच्या निवडणूक-पद्धतीपर्यंत, तर काही फेख्नर यांच्या १८६० च्या मनोभौतिकीपर्यंत (संवेदनांच्या मापनाच्या शास्त्रापर्यंत) मागे जातात. तथापि लुल यांना विजेता निवडावयाचा होता, दोन पर्यायांतील अंतर मोजावयाचे नव्हते. म्हणून मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांच्या १९२७ मधील मांडणीला आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७० च्या दशकात टॉमस साटी यांनी १ (समान मोल) ते ९ (कमाल अधिक मोल) च्या मापपट्टीवर जोडतुलनेला श्रेणीबद्ध विश्लेषणाचे (एएचपी) रूप दिले.

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या सौद्यांसाठी प्रणाली करावयाची आहे, असे समजू. अडत्याला वजनाच्या नोंदीपेक्षा पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) महत्त्वाची वाटते, शेतकऱ्याकडे धाडावयाच्या भाव-संदेशापेक्षा वजनाची नोंद, आणि पट्टीपेक्षा मात्र तो संदेश. हे चक्र गटवारीत दिसतच नाही, कारण तिन्ही बाबी ‘अत्यावश्यक’मध्ये जाऊन बसतात, साटी यांच्या पद्धतीत मात्र विसंगती-गुणोत्तर (निर्णय परस्परांशी किती विसंगत आहेत याचे माप) ०.१० च्या वर गेले की निर्णय पुन्हा तपासावे लागतात, आणि हमाली-तोलाईची कपात पट्टीत कोणी, केव्हा लिहावयाची यासारखा मूळ प्रश्न त्या फेरतपासणीत पुढे येतो. किंमत अर्थातच वेळेची आहे : १२ अपेक्षांना ६६ तुलना लागतात, ५० अपेक्षांना १,२२५.

कार्लसन, वोलिन व रेग्नेल यांनी १९९८ मध्ये दूरध्वनी-प्रणालीच्या १३ गुणवत्ताविषयक गरजांवर सहा पद्धती पडताळल्या. त्यांत श्रेणीबद्ध विश्लेषण सर्वांत आश्वासक ठरले, परंतु मोठी यादी त्याला झेपेल का, ही शंका त्यांनीच नोंदविली. द्विमान शोधवृक्षाने, म्हणजे प्रत्येक तुलनेगणिक डावी किंवा उजवी फांदी धरून गरजेची जागा शोधण्याने, तुलना पुष्कळ घटतात. मात्र त्यातून केवळ क्रम मिळतो, एक गरज दुसरीच्या किती पट मोलाची हे कळत नाही. खर्चाशी मोल ताडून पाहावयाचे असल्यास ही उणीव मोठी आहे.

शंभर गुण वाटून देण्याची पद्धतही प्रचारात आहे.