‘किती लांबचं वढती?’ : टेलिफोटो घेण्याआधीचं थोडं गणित

कॅमेऱ्याच्या दुकानात टेलिफोटो झूम लेन्स हातात आली, की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती लांबचं वढती?’ आणि दुसरा : ‘किती एक्स?’ दोन्हींची उत्तरं मिळतात, पण त्यावरून लेन्स निवडता येत नाही. लांबचं तर कुठलीही लेन्स ओढते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तरी कॅमेऱ्यासोबत फुकट आलेल्या १८-५५ लेन्समध्येही तो येतोच; फक्त सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, खसखशीच्या दाण्याहून लहान पडतो.

‘एक्स’ तर निव्वळ भागाकार आहे. झूमची मोठी फोकल लेंथ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) भागिले छोटी. १८-५५ म्हणजे ३ एक्स, ५५-२५० म्हणजे साडेचार एक्स, आणि पक्षीवाले जिच्यामागे खुळे होतात ती १५०-६०० म्हणजे फक्त ४ एक्स. एक्स बघून निवड करणारा माणूस ६०० मिमी ठेवून २५० मिमी घरी घेऊन जाईल.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मला हवी ती वस्तू सेन्सरवर किती मिलिमीटरची पडेल? उत्तर शाळेतल्या समरूप त्रिकोणांतून निघतं. वस्तूचा आकार भागिले तिचं अंतर, गुणिले फोकल लेंथ. रंकाळ्याच्या काठावर एक खंड्या बसलाय, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर, आणि तुमच्यापासून २८ मीटरवर. म्हणजे गुणोत्तर एकास शंभर. ५५ मिमीला तो सेन्सरवर अर्धा मिलिमीटर पडतो, ३०० ला ३ मिलिमीटर, ६०० ला ६ मिलिमीटर. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्या रुंदीत ६००० पिक्सेल बसवलेले असतात. ३ मिलिमीटर म्हणजे साडेसातशेच्या आसपास पिक्सेल. मोबाइलवर बघायला भरपूर, भिंतीवर टांगायला कमी.

याच सूत्रात अंतर छेदात आहे. खंड्याच्या १४ मीटरपर्यंत पोचलात, तर ३०० ची लेन्स ६०० चं काम करते. झाडाआड वीस मिनिटं गप्प बसणं हा सर्वांत स्वस्त टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा जोड) आहे.

चंद्राचं गणित आणखी सोपं. त्याचा व्यास त्याच्या अंतराच्या साधारण ११० वा भाग आहे, म्हणून ३०० मिमीला तो २.७ मिलिमीटरचा पडतो. ज्या रात्री वाहिन्या ‘सुपरमून, आज चंद्र प्रचंड मोठा’ असं ओरडत असतात, त्या रात्री तो २.९ मिलिमीटर होतो. फरक जेमतेम ५० पिक्सेलचा! मग देवळाच्या शिखरामागे परातीएवढा चंद्र दिसणारे फोटो खोटे असतात का? सगळे नाही. दहा मीटर उंचीचं शिखर अकराशे मीटरवरून बघा, ते बरोबर चंद्राएवढं दिसेल. तेच ११० मीटरवरून बघितलं, तर चंद्राच्या दहापट. चंद्र दोन्ही वेळा तेवढाच आहे, छायाचित्रकार मागे चालत गेलाय. टेलिफोटो ‘अंतर दाबते’ असं म्हणतात, पण अंतर दाबतात ते पाय. लेन्स फक्त त्यातला मधला तुकडा कापून मोठा करते.

आता लेन्सवर लिहिलेला दुसरा आकडा, एफ. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागलं, की समोरून दिसणाऱ्या प्रकाशाच्या भोकाचा व्यास निघतो. ३०० मिमी एफ/५.६ ला भोक ५४ मिलिमीटरचं. एफ/२.८ ला १०७ मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढी काच, वजन बहुधा दोन किलोच्या वर आणि किंमत मोटारसायकलपेक्षा जास्त. ६०० मिमी एफ/६.३ ला ९५ मिलिमीटर. सिग्माच्या ‘कंटेम्पररी’ आणि टॅमरॉनच्या १५०-६०० ला ९५ मिमीचा फिल्टर लागतो तो त्यामुळेच. आणि ५५-२५० वर ‘४-५.६’ लिहिलेलं असतं म्हणून टोकाला भोक लहान होतं असं समजू नका. ५५ ला ते १४ मिलिमीटर असतं, २५० ला ४५. भोक वाढतं, पण फोकल लेंथ त्याहून जोरात वाढते, म्हणून सेन्सरवर प्रकाश निम्मा पडतो.

हेच ५४ मिलिमीटरचं भिंग सूर्यावर रोखलं, तर शाळेत कागद जाळायचो त्याचीच ही मोठी आवृत्ती. आरशाच्या कॅमेऱ्यात (डीएसएलआर) व्ह्यूफाइंडरला लावलेला डोळा जातो, मिररलेसमध्ये सेन्सर. सूर्यग्रहणाला सोलर फिल्टर लेन्सच्या पुढेच लावायचा, मागे नाही. चंद्रग्रहण मात्र बिनधास्त टिपा. त्या प्रकाशाने ना सेन्सर बिघडतो ना डब्यातली आमटी, ती ओतून देणाऱ्यांनी काहीही सांगितलं तरी. पौर्णिमेचा चंद्र पांढरी टिकली होऊन येतो, कारण काळं आकाश बघून कॅमेरा फसतो. मॅन्युअलवर एफ/८, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १०० लावा. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे, त्याला उन्हाचंच एक्स्पोजर लागतं.

पण नव्या माणसाचे टेलिफोटोचे फोटो फसतात ते प्रकाशापेक्षा हाताने. एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. ३०० मिमीला तो जो कोन व्यापतो, तो रेडियनच्या दहा लाख भागांपैकी १३ भाग. कोन सोडा, लेन्स बघा. १५ सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचं टोक मागच्या बाजूच्या मानाने फक्त २ मायक्रॉन खाली गेलं, की चित्र एक पिक्सेल सरकलं. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे केसाच्या पस्तिसाव्या भागाएवढी हालचाल! निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला ८ ते १२ वेळा थरथरत असतो. म्हणून जुना नियम : एपीएस-सी सेन्सर असेल तर फोकल लेंथला दीडने गुणा आणि शटर तेवढं जलद ठेवा. ३०० ला १/५००, आणि फोटो मोठा करून बघायची सवय असेल तर १/१०००.

हा थरथराट खोडून काढायचं यंत्र, म्हणजे स्टॅबिलायझेशन, बऱ्याच टेलिफोटो लेन्सच्या आतच असतं. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. आत बसलेले असतात दोन बारीक जायरोस्कोप, एक वर-खाली मान हलली ते ओळखायला, एक डावी-उजवीकडे. जायरो म्हटलं की गरगर फिरणारी चकती डोळ्यांपुढे येते, पण यात काहीच फिरत नाही. एक इवलासा काटा ठरावीक गतीने पुढे-मागे कंप पावत असतो. लेन्स वळली, की त्या कंप पावणाऱ्या काट्यावर आडवं बल येतं आणि तो किंचित बाजूलाही हलू लागतो. कोरिऑलिसने १८३५ मध्ये गणितात मांडलेलं हेच ते बल. विषुववृत्त ओलांडून आलेल्या वाऱ्यांना उजवीकडे वळवून नैर्ऋत्य मोसमी वारे करणारं, आणि राधानगरीवर पाऊस ओतणारं. तेच बल लेन्समध्ये सांगतं, की हात किती वेगाने वळतोय.

वेगाची बेरीज करत गेलं की कोन मिळतो. मग आतला काचेचा एक गट, जो चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांवर तरंगता ठेवलेला असतो, उलट दिशेला ढकलला जातो. लेन्स अंशाच्या दहाव्या भागाने वळली, तर ३०० मिमीला चित्र अर्धा मिलिमीटर सरकतं, म्हणजे १३० पिक्सेल. तेवढंच चित्र परत जागेवर आणायचं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. गोम बेरजेत आहे. जायरोच्या वाचनात बारीकशी चूक असली, तर ती साठत जाते आणि लेन्सला न झालेली हालचाल झाली असं वाटू लागतं. म्हणूनच जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवायचं, नाहीतर पक्क्या कॅमेऱ्यावरचं चित्र तरंगायला लागतं. बटण अर्धं दाबून अर्धा-एक सेकंद थांबायचं, चित्र ‘बसतं’ ते डोळ्यांना कळतं, मग पूर्ण दाबायचं. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं, तर तो बहुधा हाच मोकळा गट असतो. दुकानदाराशी भांडू नका.

तीन स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं) स्टॅबिलायझेशन १/५०० चं काम १/६० वर आणतं. पण फक्त तुमच्या हातापुरतं. खंड्याने मान वळवली, शाहू स्टेडियमवर फॉरवर्डने चेंडू मारला, त्याला स्टॅबिलायझर काय करणार? बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२०००, फुटबॉलला किमान १/१०००. लख्ख उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ २०० वर १/१६०० आरामात मिळतं. सामना लांबला आणि सूर्य स्टँडमागे गेला, की त्याच शटरला आयएसओ १६०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो. न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

दुसरा शत्रू हवा. दुपारी तापलेल्या डांबरावरून, पत्र्यावरून किंवा तलावाच्या काठावरून दीडशे मीटरवरचं टिपलं, तर फोटो पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो. गरम-थंड हवेचे थर प्रकाश वाकवतात, आणि ६०० मिमी ती वाकडी हवाही दुप्पट मोठी करते. लेन्स बदलून हे जात नाही. सकाळी नऊच्या आत कळंबा तलावावर जा.

मग घ्यायचं काय? पहिली लेन्स ५५-२५० किंवा ७०-३००, स्टॅबिलायझेशनवालीच. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. राधानगरीत ६० मीटरवर उभा असलेला पावणेदोन मीटर उंच गवा २५० मिमीला ७ मिलिमीटरचा पडतो, फ्रेमच्या जवळपास निम्म्या उंचीचा. कॅननचीच ७५-३०० स्वस्त दिसते, पण तिच्या सध्याच्या आवृत्तीत स्टॅबिलायझेशन नाही. निकॉनवाल्यांनी अक्षरं नीट वाचावीत : नुसतं ‘एएफ’ लिहिलेल्या जुन्या ७०-३०० मध्ये मोटर नाही, ती डी३००० आणि डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाही, आणि ‘एएफ-पी’ लिहिलेली नवी लेन्स डी९०, डी३१००, डी७००० यांच्यावर फोकसच करत नाही. १५०-६०० दोन किलोची आहे. पक्ष्यांचा नाद सहा महिने टिकला तर घ्या. तोवर १८-३०० सारख्या ‘सगळं एकात’ लेन्सच्याही वाटेला जाऊ नका, टोकाला ती मऊ पडते.

दुकानात आपलाच कॅमेरा न्यावा. वर्तमानपत्राचं अख्खं पान भिंतीला सपाट चिकटवा, पाच-सहा मीटरवरून सर्वांत लांब टोकाला, भोक पूर्ण उघडं ठेवून, १/१००० ला चार फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा फिस्कटला असेल, तर आतली एखादी काच तिरकी बसलीय, लेन्स परत द्या. जुनी असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारून पुढून बघा. धूळ चालते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू चालत नाहीत. ती बुरशी आहे आणि ती काचेवरचा लेप खाते. समोर स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावू नका, हूड (तिरपा प्रकाश अडवणारी पुढची कड) लावा. ट्रायपॉड नसेल तर किलो-दीड किलो शाळू भरलेली कापडी थैली रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवा आणि तिच्यात लेन्स दाबून बसवा.

आणि जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि इथल्या पावसात घरातली हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. रबरी कडांचा हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि दोनशे ग्रॅम सिलिका जेल. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला, की ओव्हनमध्ये ११० अंशाला दोन-तीन तास भाजून परत निळे करून घ्या. नुसत्या उन्हात ठेवून ते पुरते सुकत नाहीत, पावसाळ्यात तर ऊनच नसतं.