परदेशातील मालमत्तेच्या विक्रीवरील प्राप्तिकर

भारतातील रहिवाशाने परदेशातले घर, भूखंड किंवा शेती विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यावर भारतात लागणारा कर. रहिवाशाचे जगभरातले उत्पन्न करपात्र, हे १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाचे तत्त्व १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या अधिनियमातही कायम आहे.

विदर्भाच्या खेड्यांत हा कर अनेकांना अनपेक्षित वाटतो, आणि ते साहजिक आहे. आर्वी किंवा काटोलच्या नगरपरिषद हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपलीकडचे वावर विकले, तर नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही; असे वावर कायद्याने भांडवली मालमत्ताच नसते. अमरावतीसाठी हे अंतर ६, नागपूरसाठी ८ किलोमीटर. पण ही मोकळीक फक्त भारतातल्या शेतजमिनीला आहे. कॅनडातली शेती शहरापासून कितीही दूर असली तरी तिच्या नफ्यावर कर लागतो.

कोणत्या वर्षी विक्री झाली, यावर बरेच काही ठरते. बरीच वर्षे दुबईत काढून गावी परतलेली व्यक्ती लगेच पूर्ण रहिवासी होत नाही. मागील १० पैकी ९ वर्षे ती अनिवासी असेल, किंवा मागील ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिली असेल, तर ती ‘सामान्यतः निवासी नसलेली’ ठरते. या काळात तिकडचे घर विकून पैसे आधी तिकडच्याच खात्यात घेतले, तर त्या नफ्यावर भारतात कर नाही. म्हणून सी.ए.कडे जायचे ते सौदा ठरवण्याआधी. नंतर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

मालमत्ता २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन, दर १२.५ टक्के, २३ जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीसाठी महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरून) २० टक्क्यांनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. वारशाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा ताबाकाळही धरला जातो.

‘तिकडे टॅक्स भरला, आता इकडे काही नाही’ हे अर्धेच खरे आहे. दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे तिकडच्या कराची वजावट मिळते, पण भारतातल्या कराच्या रकमेपुरतीच. ४० लाखांच्या दीर्घकालीन नफ्यावर भारतात उपकरासह ढोबळमानाने ५.२ लाख होतात. अमेरिकेत ६ लाख भरले असतील तर इथे काही देणे उरत नाही, मात्र वरचे ८० हजार भारत परत करत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीला असा करच नसल्याने सगळे ५.२ लाख इथे भरावे लागतात.

तिकडचे राहते घर विकून भारतात घर घेतले किंवा ३ वर्षांत बांधले, तर त्यात गुंतलेल्या नफ्यापुरती सूट आहे. नवे घर गावठाणातले असले तरी चालते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खर्च न झालेली रक्कम मात्र भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते, आणि बँकांच्या ग्रामीण शाखांत हे खाते उघडत नाही. त्यासाठी मोठ्या गावची शाखा गाठावी लागते.

पूर्ण रहिवाशाने विवरणपत्राच्या परकीय मालमत्ता अनुसूचीत ते घर दाखवणे सक्तीचे आहे, मग ते त्या वर्षात विकलेले असो वा नसो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा अधिनियमाखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.