ताई म्हणजे कोण?

आमच्या शेजारच्या आजी शिमोग्याहून मुलाकडे ठाण्याला राहायला आल्या, तेव्हा त्यांना कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पाचपाखाडीतल्या आमच्या मजल्यावर दारं दिवसभर उघडीच असतात. माझा मुलगा बहिणीच्या मागे 'ताई, ताई' करत या घरातून त्या घरात फिरायचा. आठवडाभराने आजींनी सुनेकरवी मला विचारलं, "हा मुलगा आपल्या बहिणीला आई का म्हणतो?"

कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले. हिंदीत ताई म्हणजे ताऊंची बायको, आपल्या भाषेत मोठी काकू. पण हिंदी मराठीच्या नात्यातलीच. घरापासून लांब जावं तसा अर्थ पार सुटतो आणि नाद तेवढा उरतो. जपानीत 'ताइ' हा एक मासा आहे, सणासमारंभाला मानाने ताटात येणारा. व्हिएतनामीत 'ताइ' म्हणजे कान. फिनिशमध्ये 'किंवा'. स्वाहिलीत 'ताइ' म्हणजे गिधाड-गरुडासारखा मोठा पक्षी. मराठी, कन्नड, जपानी, व्हिएतनामी, फिनिश, स्वाहिली या सहा भाषा सहा वेगवेगळ्या कुळांतल्या. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि सुराचा थोडा फरक सोडला, तर सगळीकडे तोंडातून निघतं ते जवळपास एकच.

यात नवल वाटतं, पण हिशेब मांडला की ते ओसरतं. माणसाच्या तोंडाला सहज जमणारे आवाज फार नाहीत. प, त, क, म, न, स, ल यांसारखी दहा व्यंजनं आणि पाच स्वर घेतले, तर अक्षरं होतात ५०. त्यांच्या जोड्या लावून दोन अक्षरी शब्द केले, तर २,५००. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत आणि प्रत्येकीला घरातल्या, रोजच्या गोष्टींसाठी छोटेच शब्द हवे असतात. म्हणजे ७,००० बिऱ्हाडं त्याच २,५०० खोल्यांत राहायला आलेली. टक्कर होणारच. सोसायटीच्या सभेला २३ जण जमले, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात, आणि जुळायला त्यांतली एक पुरते. शब्दांचंही तसंच.

कधीकधी तर अर्थसुद्धा जुळतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम नावाची आदिवासी भाषा होती. १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन तिच्या उरल्यासुरल्या भाषकांकडून शब्द टिपून घेत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर आलं, 'डॉग'. इंग्रजीतून उचललेला शब्द असणार, असं कुणालाही वाटेल. पण आसपासच्या भाषांत कुत्र्याला 'गुडगा' किंवा 'गुडा' म्हणतात, आणि म्बाबाराममध्ये शब्दांची सुरुवात झडून जाण्याची रीत होती. 'गुडगा'चं डोकं गळलं, स्वर बदलला, शेपूट तुटलं आणि 'डॉग' उरलं. इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' हेही असेच. मागे गेलं तर पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, तो 'वद' होता, म्हणजे जितकं जुन्यात शिरावं तितके हे दोघे लांब जातात. खऱ्या भावंडांचं उलट असतं, मागे जावं तशी ती जवळ येतात.

नात्यांच्या शब्दांत मात्र नुसता योगायोग नसतो. आपल्याकडे मामा आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील! (तिथे आई 'देदा'.) ऑस्ट्रेलियातल्या पितजंतजत्जारातही 'मामा' म्हणजे वडीलच. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे थोरला भाऊ. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकबसन यांनी याचं कारण मुलाच्या तोंडात शोधलं. तान्ह्या बाळाला सर्वांत आधी जमतात ते ओठ मिटून-उघडून होणारे आवाज, आणि दूध पिताना नाकातून निघणारा हुंकार 'म'च्या जवळचा असतो. बाळ नुसतं 'मामामा' करतं. तो आवाज आपल्यालाच उद्देशून आहे असं भोवतालची मोठी माणसं ठरवतात. नादाचं भांडवल बाळाचं, अर्थ समाजाचा. मला हे स्पष्टीकरण फार आवडतं, कारण आपलीही मुलं अशीच बोलायला लागलेली आपण पाहिलेली असतात.

तिसरा प्रकार उसनवारीचा, आणि तो समजायला ठाण्याहून चांगली जागा नाही. इथलं मध्यवर्ती कारागृह एका जुन्या किल्ल्यात आहे आणि तो किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. त्याला आपण 'तुरुंग' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजच, 'त्रोंकु'वरून आलेला. चावी, पगार, पाव हेही त्यांचेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानलाही पोचले होते आणि त्यांच्या पावाला जपानी लोक 'पान' म्हणू लागले. आज टोकियोत 'पान' मागितलं तर पाव मिळतो. आपलं पान संस्कृत 'पर्ण'वरून आलेलं, त्याचा जपानी पानाशी संबंध नाही. जपानी पानाचा सख्खा भाऊ आपला पाव. १७३७ साली ठाणं मराठ्यांकडे आलं, ते चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, आणि यातलं 'अप्पा' कन्नडकडून आलेलं आहे. तिकडे 'अप्प' म्हणजे वडील. अक्का, अण्णा याच वाटेने आले. म्हणून आजींच्या 'तायी'ला आणि आपल्या 'ताई'ला मी जपानी माशाच्या रांगेत बसवणार नाही. हजार वर्षांहून जास्त काळ शेजारी असलेल्या भाषांत योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग भाषांचं रक्ताचं नातं ओळखायचं कसं? सारखेपणावरून नाही, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. दोन शब्द सारखे दिसले की अमुक भाषा तमुक भाषेतून निघाली, असं सांगणारे मजकूर रोज मोबाइलवर येतात आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. भाषाशास्त्र बघतं तो फरकातला नियम. पिता-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह, पूर्ण-फुल. संस्कृतात 'प' तिथे इंग्रजीत 'फ', एकदा नव्हे, ओळीने. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम नीट मांडला. नियम सापडला की अगदी अनोळखी तोंडवळेही भावंडं निघतात. आपलं 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' एकाच मूळ शब्दापासून आलेत. आर्मेनियनमध्ये दोनला 'एर्कु' म्हणतात, आणि तो आपल्या 'दोन'चा सख्खा नातलग आहे. त्या भाषेत आरंभीच्या 'द्व'चा 'एर्क' होतो, आणि दुसऱ्या शब्दांतही तो तसाच झालेला सापडतो. 'एर्कु' आणि 'दोन' यांत एकही आवाज सारखा नाही, तरी नातं पक्कं. 'डॉग' आणि 'डॉग' यांत सगळे आवाज सारखे, तरी नातं शून्य.

आजी आता माझ्या मुलीलाच 'तायी' म्हणतात. कन्नड घरांत लहान मुलींना मायेने तशी हाक मारतात. काल त्यांनी दारातून बोलावलं, "इल्ली बा, तायी." इकडे ये, एवढाच त्याचा अर्थ. पण गावाकडे आमच्या घरी वडिलांना 'बा' म्हणतात, ते माझ्या मुलाने ऐकलेलं आहे. तो स्वयंपाकघरात धावत आला. "आई, आजी ताईला बा का म्हणतात?"